वाळू आपली, चुंबक परका

'चेतक' हे नाव महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबांना नवे नाही. एके काळी ही स्कूटर मिळावी म्हणून नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव मिरवणारी ही स्कूटर २०२० मध्ये विजेवर चालणाऱ्या नव्या रूपात परतली आणि पाहता पाहता शहरांच्या रस्त्यांवर रुळली. जुलै २०२५ मध्ये मात्र पुण्याच्या बजाज ऑटोने जाहीरपणे सांगितले की, ऑगस्ट महिन्यात इलेक्ट्रिक चेतकचे उत्पादन शून्यावर येण्याची शक्यता आहे. बाजारात मागणी होती, कामगार कामावर होते, भांडवलाची ददात नव्हती. गाडे अडले होते ते मोटरीच्या पोटात बसणाऱ्या, तळहातावर मावतील एवढ्या चुंबकाच्या तुकड्यांपाशी. हे तुकडे चीनमधून येत होते आणि चीनने ते रोखून धरले होते.

ऑगस्टच्या उत्तरार्धात पर्यायी व्यवस्था होऊन स्कूटरचा पुरवठा पुन्हा सुरू झाला. ग्राहकाला त्याची गाडी मिळाली आणि बातमी मागे पडली. देशापुढचा खरा धोका नेमका याच विस्मरणात आहे. कारण या व्यवहाराचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर चीनने पुरवठा तोडला तेव्हा झालेल्या नुकसानीपेक्षा, चीनने पुरवठा स्वस्तात खुला केला तेव्हा झालेले नुकसान कितीतरी मोठे आणि चिरस्थायी आहे.

घटनाक्रम असा. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने समारियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यिट्रियम या सात मूलद्रव्यांच्या व त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवाना बंधनकारक केला. निमित्त अमेरिकेशी चाललेल्या आयातशुल्काच्या लढाईचे होते. पण झळ सर्वांना लागली. मे महिन्यात फोर्ड कंपनीला शिकागो येथील कारखाना काही दिवस बंद ठेवावा लागला. जपानमध्ये सुझुकीला स्विफ्ट मोटारीचे उत्पादन थांबवावे लागले. भारतीय कंपन्यांना तर हा माल शस्त्रनिर्मितीसाठी वापरणार नाही, अशी हमी लिहून द्यावी लागली. तिच्यावर भारत सरकारची आणि चिनी दूतावासाची मोहोर उमटवावी लागली आणि त्यानंतर बीजिंगच्या मर्जीची प्रतीक्षा करावी लागली. काही भारतीय कंपन्यांना परवाने मिळाल्याचे परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले, तेव्हा ऑक्टोबर महिना संपत आला होता. खासगी कारखानदाराने स्वतःच्या पैशाने विकत घ्यायच्या वस्तूसाठी सहा-सहा महिने परक्या सरकारच्या दारी तिष्ठत बसावे, ही अवस्था मध्यमवर्गाला परिचित आहे. लायसन्स-परमिटचे राज्य देशातून गेले; ते आता परदेशातून चालू लागले आहे.

उष्णतेची नस

एवढ्याशा चुंबकात असे काय आहे, हा प्रश्न साहजिक आहे. घरातील जुन्या छतपंख्याच्या किंवा विहिरीवरील पंपाच्या मोटरीत असा चुंबक नसतो. तेथे फिरणाऱ्या भागातील चुंबकत्व विजेनेच निर्माण केले जाते आणि त्यात थोडी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. पंख्याच्या बाबतीत हा अपव्यय कोणी मोजत बसत नाही. परंतु वाहनात बॅटरीतील प्रत्येक युनिट मोलाचे असते. फिरणाऱ्या भागात कायमस्वरूपी चुंबक बसवला की चुंबकत्व आयते मिळते, मोटर लहान व हलकी होते आणि एका चार्जिंगमध्ये गाडी अधिक पल्ला गाठते. म्हणून जगातील बहुसंख्य विद्युत वाहने अशाच मोटरींवर चालतात. एका इलेक्ट्रिक मोटारीला साधारणतः एक ते दोन किलो, तर स्कूटरला काहीशे ग्रॅम चुंबक लागतो.

हा चुंबक निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा असतो. त्याच्या शोधाची कथा आजच्या संदर्भात मुद्दाम आठवण्याजोगी आहे. १९७० च्या दशकात सर्वांत प्रभावी मानला जाणारा चुंबक समारियम आणि कोबाल्टचा होता. १९७८ मध्ये आफ्रिकेतील झैरेच्या शाबा प्रांतात युद्ध पेटले आणि कोबाल्टच्या किमती गगनाला भिडल्या. जपानी व अमेरिकी कंपन्या जाग्या झाल्या. कोबाल्टवाचून काम भागवण्याच्या खटपटीत जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या जॉन क्रोट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, १९८०च्या दशकाच्या आरंभी हा नवा चुंबक सिद्ध केला. साध्या फेराइट चुंबकाच्या तुलनेत त्याची ऊर्जा सुमारे दहापट. म्हणजे आज ज्याच्या टंचाईने जग हैराण आहे, तो पदार्थ मुळात दुसऱ्या एका टंचाईतूनच जन्माला आला. टंचाईकडे संकट म्हणून पाहणारे आणि संशोधनाची हाक म्हणून पाहणारे, असे दोन वर्ग जगात सदैव असतात.

या चुंबकाचे एक वैगुण्य आहे. तो तापला की दुबळा होतो. मोटरीच्या आतील तापमान दीडशे अंशांपर्यंत जाऊ शकते. तेवढ्या उष्णतेतही चुंबकत्व टिकावे म्हणून त्यात अल्प प्रमाणात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम मिसळतात. चीनच्या एप्रिलमधील यादीत निओडिमियमचे नाव नाही, ते याच कारणाने. ज्या दोन मूलद्रव्यांवाचून चुंबक उष्णता सोसू शकत नाही, नेमकी तीच यादीत घातली गेली. भाताचे पोते मोकळे ठेवून मिठाच्या डब्याला कुलूप लावावे, त्यातला हा प्रकार. जड मूलद्रव्यांविना बनवलेले हलक्या गटातील चुंबक वापरून काही भारतीय कंपन्यांनी वेळ निभावून नेली. पण मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या रस्त्यावर पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा अशा मोटरीची आखणी अधिक काटेकोरपणे करावी लागते, हेही विसरून चालणार नाही.

आलुव्याचा आरंभ

या विषयात भारताची सद्यःस्थिती पाहून जितका खेद होतो, त्याहून अधिक खेद भारताचा आरंभ पाहून होतो. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची काळसर, जड वाळू जगाच्या नजरेस आली ती १९०९ मध्ये. युरोपात गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला मोनाझाइट हे खनिज सापडले. त्या काळी गॅसबत्तीच्या मेंटलला थोरियम लागे आणि थोरियम मोनाझाइटमधून मिळे. लवकरच मणवालकुरिची येथे वाळू वेगळी करण्याचा उद्योग उभा राहिला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाला लागणाऱ्या दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचा मोठा भाग भारत आणि ब्राझील या दोन देशांच्या वाळूतून येत होता.

स्वातंत्र्यानंतर ही वाळू कच्च्या रूपात देशाबाहेर जाऊ द्यायची नाही, अशी दृष्टी ठेवणारी माणसे राज्यकर्त्यांत आणि शास्त्रज्ञांत होती. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली आणि डिसेंबर १९५२ मध्ये केरळातील आलुवा येथे तिचा कारखाना सुरू झाला. ज्या काळात चीनमध्ये या उद्योगाला आकारही आला नव्हता, त्या काळात भारत मोनाझाइटवर रासायनिक प्रक्रिया करत होता. मात्र त्यामागील मुख्य हेतू थोरियमचा होता. डॉ. होमी भाभा यांच्या अणुऊर्जा कार्यक्रमात थोरियमला मध्यवर्ती स्थान होते. दुर्मीळ मृदा हे त्यातून निघणारे जोड उत्पादन होते. अणुशक्तीच्या दृष्टीने हा अग्रक्रम योग्यच होता. पण त्यामुळे त्या जोड उत्पादनाचा स्वतंत्र उद्योग म्हणून विचारच झाला नाही. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने मोनाझाइट 'निर्धारित पदार्थ' ठरले, ते सुरक्षेच्या तिजोरीत गेले आणि कारखानदारीशी त्याचा संबंध तुटला.

चीनने उलट मार्ग धरला. या गटातील सतरा मूलद्रव्यांचे रासायनिक गुणधर्म जुळ्या भावंडांइतके सारखे असतात. त्यांना एकमेकांपासून वेगळे करण्यासाठी द्रावणांच्या शेकडो टाक्यांमधून पुनःपुन्हा न्यावे लागते. ही कटकटीची, चिकाटीची आणि घाणीची विद्या आहे. पेकिंग विद्यापीठातील शू ग्वांगशियान या रसायनशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात या विलगीकरणाचे गणित बसवले आणि ते कारखान्यांना शिकवले. २००८ मध्ये चीनने त्यांना देशातील सर्वोच्च विज्ञान पुरस्कार दिला. आंतर-मंगोलियातील बायान ओबोच्या लोहखनिजासोबत ही मूलद्रव्ये आयतीच निघत होती. १९९२ मध्ये डेंग शियाओपिंग यांनी अरबांच्या तेलाची आणि चीनच्या दुर्मीळ मृदेची तुलना केल्याचे सांगितले जाते. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९५ मध्ये, जनरल मोटर्सची चुंबक बनवणारी मॅग्नेक्वेंच ही कंपनी चिनी सरकारी उद्योगांचा सहभाग असलेल्या गटाने विकत घेतली. पुढील काही वर्षांत तिची यंत्रे आणि ज्ञान चीनमध्ये गेले आणि अमेरिकेतील कारखाने बंद पडले. ज्या अमेरिकेत या चुंबकाचा शोध लागला, त्या देशाने तो भंगाराच्या भावात घालवला. तेथील भागधारकांना त्या वर्षी लाभांश चांगला मिळाला असेल.

स्वस्ताईचे शस्त्र

चिनी मालाच्या महापुरात जगातील इतर खाणी एकामागून एक बुडाल्या. कॅलिफोर्नियातील माउंटन पास ही खाण १९६० ते १९८० च्या दशकांत जगाची गरज भागवत होती. सांडपाण्याच्या गळतीचे प्रकरण आणि चिनी मालाचे भाव यांच्या कात्रीत सापडून ती २००२ मध्ये बंद झाली. भारतातही तेच घडले. चिनी मालापुढे परवडत नाही म्हणून २००४ च्या सुमारास इंडियन रेअर अर्थ्सने दुर्मीळ मृदेचे उत्पादन थांबवले. तेव्हाच्या हिशेबवहीच्या दृष्टीने तो निर्णय शहाणपणाचा होता. त्याचे खरे मोल मोजायला आणखी वीस वर्षे जावी लागली.

सप्टेंबर २०१० मध्ये सेन्काकू बेटांजवळ एका चिनी मासेमारी नौकेची जपानी गस्तीनौकांशी टक्कर झाली आणि जपानला जाणारा दुर्मीळ मृदेचा माल चिनी बंदरांत अडकला. भाव भडकले. जगभर नव्या खाणींच्या घोषणा झाल्या, शेअर बाजारात उत्साह संचारला, माउंटन पासही पुन्हा उघडली. मग चीनने हात सैल सोडला, भाव कोसळले आणि २०१५ मध्ये माउंटन पास चालवणारी मॉलीकॉर्प दिवाळखोर झाली. एक रुपयाचाही दंड न लावता, एकही नौका न पाठवता प्रतिस्पर्धी संपला.

अपवाद ठरला तो एकट्या जपानचा. जपानी सरकारची खनिज संस्था आणि सोजित्झ ही व्यापारी कंपनी यांनी २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत पंचवीस कोटी डॉलर गुंतवले. भाव कोसळल्यावर लायनसही बुडण्याच्या बेतात आली. तेव्हा जपान्यांनी कर्जफेडीची मुदत वाढवली, अटी सैल केल्या आणि कंपनी जगवली. त्याच काळात होंडा आणि दाइदो स्टील यांनी जड मूलद्रव्यांविना चालणारा चुंबक तयार केला आणि २०१६ मध्ये तो हायब्रिड मोटारीत बसवला. जपानचे चीनवरील अवलंबित्व सुमारे ९० टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या आसपास आले. ते शून्य झाले नाही. पंधरा वर्षांच्या नेटाच्या प्रयत्नांचे फळ एवढेच आहे. मे २०२५ मध्ये याच लायनसने मलेशियातील कारखान्यात डिस्प्रोसियम वेगळे करून दाखवले. चीनबाहेर व्यापारी प्रमाणावर असे प्रथमच घडत होते.

ज्यांना वर्षभरात आत्मनिर्भरतेचे फलक लावण्याची घाई झाली आहे, त्यांनी जपानच्या या पंधरा वर्षांकडे पाहावे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२४ सालच्या आकडेवारीनुसार चुंबकाला लागणाऱ्या मूलद्रव्यांच्या खाणकामात चीनचा वाटा सुमारे ६० टक्के, शुद्धीकरणात ९१ टक्के आणि तयार चुंबकांत ९४ टक्के आहे. हे आकडे बोलके आहेत. खनिज जगात इतरत्रही आहे. जसजसे खाणीकडून कारखान्याकडे जावे, तसतशी चीनची पकड घट्ट होत जाते. डिसेंबर २०२३ मध्ये चीनने निर्यातबंदी घातली तीही आधी या तंत्रज्ञानावर.

सात हजार कोटींचे गणित

भारताकडे किती साठा आहे, याचे आकडे सध्या समाजमाध्यमांतून अभिमानाने फिरत असतात. अणुखनिज संचालनालयाच्या अंदाजानुसार आंध्र, ओडिशा, तामिळनाडू, केरळ इत्यादी राज्यांच्या वाळूत सुमारे १ कोटी ३१ लाख टन मोनाझाइट असून त्यात ७२ लाख टनांहून अधिक दुर्मीळ मृदा ऑक्साइड आहे. या यादीत महाराष्ट्राचेही नाव आहे. साठ्याच्या दृष्टीने जगात भारताचा क्रमांक तिसरा लागतो. उत्पादनाच्या दृष्टीने मात्र २०२४ मध्ये जगातील सुमारे ३ लाख ९० हजार टनांपैकी भारताचा वाटा २,९०० टनांचा, म्हणजे शंभरात एकाहूनही कमी होता. घरात सोन्याचा हंडा पुरलेला आहे, एवढ्यावर कोणी सावकार होत नाही.

त्यातही दोन गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली ही की, भारतीय मोनाझाइटमध्ये निओडिमियम आणि प्रासिओडिमियम आहेत. डिस्प्रोसियम व टर्बियम काढण्याजोग्या प्रमाणात नाहीत. सरकारने संसदेत हे वारंवार सांगितले आहे. तेव्हा चीनने ज्या नसेवर बोट ठेवले आहे, ती नस भारतीय वाळूने सुटत नाही. ही मूलद्रव्ये मिळवायची तर परदेशांशी करार करावे लागतील किंवा त्यांच्यावाचून चालणाऱ्या मोटरी बनवाव्या लागतील. दुसरी गोष्ट किरणोत्साराची. मोनाझाइटमध्ये आठ ते दहा टक्के थोरियम असते. वाळू उपसली की किनाऱ्यावरच्या मच्छीमाराचे आयुष्य ढवळून निघते. कन्याकुमारी जिल्ह्यातील खाणकामाला स्थानिकांचा विरोध आहे आणि त्या प्रत्येकाला विकासविरोधी ठरवून प्रश्न सुटणार नाही. बायान ओबोच्या खनिजावर जेथे प्रक्रिया होते, त्या बाओटो शहराबाहेरचा विषारी गाळाचा तलाव ही चिनी स्वस्ताईची न मांडलेली किंमत आहे. मलेशियातील बुकित मेरा येथील कारखाना लोकांच्या संतापामुळे १९९४ मध्ये कायमचा बंद करावा लागला. समुद्राला देव मानणाऱ्या देशात हा उद्योग वाढवायचा, तर गाळाची आणि थोरियमची विल्हेवाट पहिल्या दिवसापासून लावावी लागेल आणि तिचा खर्च चुंबकाच्या किमतीत धरावा लागेल. चिनी चुंबकाशी किमतीची तुलना करताना हा भेद नेहमी विसरला जातो.

सरकार स्वस्थ बसलेले नाही, हे मान्य केले पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला मंजुरी मिळाली. जून २०२५ मध्ये जपानला जाणारा भारतीय माल थांबवण्यास इंडियन रेअर अर्थ्सला सांगण्यात आल्याच्या बातम्या आल्या. २०१२ च्या करारानुसार भारतीय वाळूतला माल विशाखापट्टणम येथील जपानी कंपनीमार्फत जपानला जात होता, कारण तो विकत घेणारा चुंबकाचा कारखाना भारतात नव्हताच. वाळू चाळणे, विरघळवणे, वेगळे करणे येथवर भारत पोहोचला होता. त्यापुढचे धातू, मिश्रधातू आणि चुंबक हे तीन टप्पे रिकामे होते. विशाखापट्टणम येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानावर उभारलेला चुंबकाचा प्रकल्प मे २०२३ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. त्याची क्षमता वर्षाला ३,००० किलो आणि चुंबक समारियम-कोबाल्टचा. तो संरक्षण आणि अवकाश क्षेत्रासाठी मोलाचा आहे, वाहनांसाठी नाही.

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने या रिकाम्या टप्प्यांसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन सिंटर्ड चुंबक देशात बनावेत, पाच उद्योगांना प्रत्येकी जास्तीत जास्त १,२०० टन क्षमता द्यावी, विक्रीवर पाच वर्षे मिळून ६,४५० कोटींचे प्रोत्साहन आणि कारखाना उभारणीसाठी ७५० कोटींचे साहाय्य द्यावे, अशी तिची रचना आहे. पाठोपाठ २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात ओडिशा, केरळ, आंध्र प्रदेश आणि तामिळनाडूत दुर्मीळ मृदा कॉरिडॉरची घोषणा झाली. दिशा योग्य आहे. आकडे मात्र तपासून पाहावे लागतील.

या चुंबकात वजनाने सुमारे तीस टक्के निओडिमियम-प्रासिओडिमियम असते. ६,००० टन चुंबकांना सुमारे १,८०० टन धातू लागेल आणि घासण्या-कापण्यातली तूट धरली तर त्याहून अधिक. इंडियन रेअर अर्थ्सची २०२५ मधील क्षमता वर्षाला ४०० ते ५०० टनांची सांगितली जाते. तेवढ्यात जेमतेम दीड हजार टन चुंबक होतील. उरलेल्या तीन-चतुर्थांशासाठी कच्चा माल कोठून आणायचा? तो चीनमधूनच आला, तर कुलूप मोटरीवरून काढून पुढच्या दारावर लावल्यासारखे होईल. ऑस्ट्रेलियासारख्या देशांशी दीर्घ मुदतीचे करार आणि ओडिशातील छत्रपूर व आलुवा येथील क्षमतेत वाढ, या दोन्ही गोष्टी चुंबकाचे कारखाने उभे राहण्याच्या आत व्हायला हव्यात.

आणि कारखाना उभारणे हे किराणा दुकान थाटण्यासारखे नाही. मिश्रधातूची तीन ते पाच मायक्रॉनची भुकटी करावी लागते. ती हवेचा स्पर्श होताच पेट घेऊ शकते. चुंबकीय क्षेत्रात दाबून, हजार अंशांहून अधिक तापमानाच्या भट्टीत भाजून, हिऱ्याच्या चाकाने घासून, गंज न लागावा म्हणून मुलामा देऊन मग कोठे तो तुकडा मोटरीच्या लायक होतो. वाहन कंपनीने त्याची परीक्षा घेऊन पसंती देण्यात आणखी काळ जातो. पहिल्या काही वर्षांत माल महाग पडेल, काही माल नाकारलाही जाईल.

खरा पेच येथे आहे. भारतीय चुंबकाचा पहिला लॉट बाजारात येईल, नेमक्या त्या वेळी चिनी चुंबक स्वस्त झालेला असेल, असे गृहीत धरूनच चालले पाहिजे. चीनने ९ ऑक्टोबर २०२५ रोजी जाहीर केलेले आणखी कडक निर्बंध ट्रम्प-शी भेटीनंतर वर्षभरासाठी, १० नोव्हेंबर २०२६ पर्यंत, स्थगित केले. नळ किती उघडायचा आणि कधी बंद करायचा, याचा चीनला उत्तम सराव आहे. म्हणूनच अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये माउंटन पासच्या नव्या चालकांना किलोमागे ११० डॉलरच्या किमान भावाची हमी दिली. मुक्त बाजाराचे पाठ जगाला देणाऱ्या देशाला हमीभावाकडे वळावे लागले. कांदा आणि कापसाच्या हमीभावावर नाके मुरडणाऱ्या येथील अर्थपंडितांनी हे ध्यानात घ्यावे. भारतीय योजनेत प्रोत्साहन आहे. पण चिनी भाव कोसळला तर काय, याचे उत्तर नाही आणि वाहन कंपन्यांवर खरेदीचे बंधनही नाही.

हे बंधन अन्यायाचे ठरेल का? हिशेब करून पाहावा. वाहनाच्या किमतीत या चुंबकाचा वाटा पाच टक्क्यांहूनही कमी असतो. भारतीय चुंबक चिनी चुंबकापेक्षा तीस टक्क्यांनी महाग पडला, तरी लाखाच्या स्कूटरमागे फार तर दीड हजार रुपये वाढतील. एवढ्या रकमेची हेल्मेट आणि सीटकव्हरे ग्राहक दुकानातच विकत घेतो. अडचण ग्राहकाची नाही. दर तिमाहीत पैसे वाचवून दाखवायचे असलेल्या खरेदी विभागाची आहे. २०२५ च्या टंचाईत चुंबक अडले म्हणून चुंबक बसवलेली तयार मोटरच चीनमधून आणावी, असा विचार अनेक कंपन्यांनी केला. तयार मोटरीवर बंदी नव्हती. म्हणजे कच्चा माल अडवून पक्का माल विकण्याचा जुना वसाहतवादी धंदा पुन्हा सुरू झाला, आणि मँचेस्टरच्या जागी आता निंगबो व गांझोऊ आले. दिवाळीत चिनी आकाशकंदील न घेण्याचा संकल्प करणाऱ्या कुटुंबाच्या अंगणात उभ्या असलेल्या स्कूटरच्या चाकात चिनी चुंबक असतो. कंदील हाताने बनवता येतो. चुंबकासाठी शू ग्वांगशियान यांच्यासारखी वीस-वीस वर्षे टाक्यांसमोर उभी राहणारी माणसे लागतात आणि अशी माणसे घडवणाऱ्या धातुशास्त्र शाखांना अभियांत्रिकी प्रवेशाच्या यादीत तळाची जागा मिळते.

चुंबकाला फाटा देण्याचे मार्गही आहेत. टेस्लाच्या सुरुवातीच्या मोटारींत कायमस्वरूपी चुंबक नव्हता. बीएमडब्ल्यू आणि रेनो यांनी चुंबकाऐवजी तारेच्या वेटोळ्यांची मोटर वापरली. भारतात ओला इलेक्ट्रिकने साध्या फेराइट चुंबकावर चालणारी मोटर बनवून ऑक्टोबर २०२५ मध्ये तिला सरकारी प्रमाणपत्र मिळवले. अशी मोटर थोडी मोठी व जड होते. परंतु शहरात दिवसाला वीस-तीस किलोमीटर फिरणाऱ्या स्कूटरला ते खपण्यासारखे आहे. २०२४-२५ मध्ये भारतात अकरा लाखांहून अधिक इलेक्ट्रिक दुचाकी विकल्या गेल्या. त्यांना फेराइट आणि मोटारींना निओडिमियम अशी विभागणी झाली, तर ६,००० टनांचा चुंबक बराच पुरवून वापरता येईल. जुन्या संगणकांच्या हार्ड डिस्क, निकामी मोटरी यांतही हा चुंबक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर झाली आहे. पण गल्लीतल्या भंगारवाल्यापासून प्रक्रियेच्या कारखान्यापर्यंत माल पोहोचवणारी साखळी अजून उभी व्हायची आहे.

चुंबकाच्या योजनेत कारखाने उभारण्यासाठी दोन वर्षांचा अवधी आहे. चाकण, आकुर्डी आणि रांजणगाव या पट्ट्यातील वाहन कंपन्यांनी पुढील पाच-सात वर्षांच्या खरेदीचे करार या अवधीत भारतीय चुंबक उद्योगांशी केले, तर बँका कर्ज देतील आणि भट्ट्या पेटतील. पहिल्या करारावर सही कोणाची होते आणि त्यात चिनी भाव घसरल्यास माघार घेण्याचे कलम असते की नसते, एवढे पाहायचे आहे.